प्रशिक्षण संपल्यावरचा सोमवार

प्रशिक्षणाच्या धंद्यात एक आकडा गेली चाळीसेक वर्षं फिरतो आहे. कंपन्या प्रशिक्षणावर जेवढा पैसा ओततात, त्यातला जेमतेम १० टक्के प्रत्यक्ष कामात उतरतो म्हणे. सल्लागारांच्या स्लाइडवर हा आकडा असतो, एचआरच्या अहवालात असतो, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की तो साहेबांना हमखास आठवतो. त्याचा माग काढत गेलं की आपण १९८२ सालच्या एका अमेरिकी लेखापाशी येऊन थांबतो. डेव्हिड जॉर्जेनसन यांनी त्यात वाचकांना सहज विचारलं होतं की, वर्गात शिकवलेल्यातलं १० टक्केच लोकांच्या वागण्यात दिसतं, असं प्रशिक्षण अधिकाऱ्यांच्या तोंडून तुम्ही किती वेळा ऐकलंय? त्यामागे ना पाहणी होती ना मोजणी. बोलण्याच्या ओघात टाकलेला तो एक सवाल होता. १९८८ मध्ये टिमोथी बाल्डविन आणि केव्हिन फोर्ड या दोन संशोधकांनी या विषयावरच्या तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला आणि त्यात तो आकडा जॉर्जेनसन यांच्या नावावर उद्धृत केला. आढावा वजनदार होता, त्यामुळे आकड्यालाही वजन आलं. पुढच्यांनी मूळ लेख उघडून बघायची तसदी घेतली नाही.

आकडा पोकळ असला तरी दुखणं खरं आहे. हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा होते. फोल्डर, पेन, चहा-बिस्किटं, दुपारी पनीर, संध्याकाळी ग्रुप फोटो. शेवटी एक फॉर्म भरून घेतात. प्रशिक्षक कसा वाटला, जेवण कसं होतं, पाचपैकी किती गुण द्याल? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांत करायला सांगितलं होतं. माणसाला ते आवडलं का, तो काही शिकला का, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेचं काही भलं झालं का. आपली गाडी बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर थांबते. सोमवारी माणूस जागेवर परत येतो, तेव्हा टेबलावर दोन दिवसांचं काम साचलेलं असतं आणि साहेब म्हणतात, ‘झाली का पिकनिक? आता ते राहू दे बाजूला, महिनाअखेर आहे.’ प्रशिक्षण तिथेच संपतं.

बाल्डविन आणि फोर्ड यांच्या आढाव्यातला खरा ऐवज त्या आकड्यात नव्हताच. शिकलेलं कामात उतरणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं, असं त्यांनी मांडलं. शिकणारा कसा आहे, शिकवणं कसं आखलंय, आणि तो ज्या जागी परत जातो ती जागा कशी आहे. पहिल्या दोन गोष्टींवर ढीगभर लिहिलं गेलं होतं, तिसरीकडे त्या मानाने दुर्लक्षच झालं होतं. १९९२ मध्ये मेरी ब्रॉड आणि जॉन न्यूस्ट्रॉम यांनीही असंच बोट दाखवलं. प्रशिक्षणाला जाण्याआधी आणि तिथून आल्यावर वरिष्ठ काय करतो याचा वाटा फार मोठा, आणि नेमकं तिथेच सगळ्यात कमी काही केलं जातं. त्याच्याही कितीतरी आधी, १९०१ मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की एका कामात मिळवलेली सफाई दुसऱ्या कामात आपोआप जात नाही. दोन्ही कामांत जेवढं समान असेल तेवढीच ती जाते. हॉटेलचा हॉल आणि कारखान्यातली दुसरी पाळी यांच्यात समान काय असतं, हे ज्याचं त्याने बघावं.

माझ्या मते हा प्रश्न वर्गाचा कमी आणि कामाच्या जागेच्या स्मरणशक्तीचा जास्त आहे. ज्ञान-व्यवस्थापन नावाचं जे शास्त्र १९९० च्या दशकात कंपन्यांमध्ये गाजलं, त्याचा उपयोग झाला तर इथेच होतो. पण त्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एक पोर्टल विकत घेतलं गेलं, त्यात जुन्या पीपीटी आणि पीडीएफ चढवल्या गेल्या, आणि पासवर्ड विसरल्यावर तिकडे कुणी फिरकलं नाही. ते नीट झालेलं बघायचं असेल तर झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांची गोष्ट बघावी लागते.

झेरॉक्सची मोठी कॉपी यंत्रं ग्राहकांच्या कार्यालयांत बसवलेली असत आणि ती बिघडली की कंपनीचा तंत्रज्ञ गाडीत हत्यारं टाकून तिथे जाई. या तंत्रज्ञांना वर्गात रीतसर प्रशिक्षण मिळे आणि हातात जाडजूड मॅन्युअल दिलं जाई. यंत्र बिघडलं की पडद्यावर बिघाडाचा क्रमांक उमटतो. मॅन्युअलमध्ये तो क्रमांक काढायचा, हे तपासा, ‘हो’ असेल तर या पानावर जा, ‘नाही’ असेल तर त्या पानावर, असं करत शेवटी कोणता भाग बदलायचा ते कळतं. तंत्रज्ञाने फार डोकं चालवू नये, सांगितलेल्या वाटेने जावं, अशी त्यामागची कल्पना. प्रशिक्षण म्हणजे त्या वाटेने चालायचा सराव.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ या तंत्रज्ञांबरोबर फिरले. पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ते काम करत. आदिवासी पाड्यावर जाऊन राहावं तसे ते तंत्रज्ञांबरोबर ग्राहकांकडे गेले, त्यांच्याबरोबर नाश्ता केला, जेवले, आणि त्यांच्या गप्पा टिपत राहिले. त्यांच्या लक्षात आलं की मॅन्युअलमध्ये असलेले बिघाड तंत्रज्ञांना फारसे छळतच नाहीत. छळतात ते मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही न आलेले बिघाड.

त्यातला एक प्रसंग बघण्यासारखा आहे. यंत्र एक क्रमांक दाखवत होतं, तो सांगत होता की बिघाड वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे. तंत्रज्ञाने मॅन्युअलच्या वाटेने सगळं तपासलं, पण काही हाती लागेना. मग त्याने आपल्या भागातल्या अनुभवी तज्ज्ञाला बोलावलं. दोघं यंत्रापुढे उभे राहून कित्येक तास एकमेकांना किस्से सांगत राहिले. अमक्या ठिकाणी असंच झालं होतं, पण तिथे आवाज वेगळा येत होता. तमक्याच्या यंत्रात हा भाग बदलल्यावर दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. किस्स्यांमधून एक शंका वर आली, शंकेतून चाचणी ठरली, आणि चाचणीतून कळलं की दोष भलतीकडेच आहे. विद्युतभार पसरवणाऱ्या एका भागात शॉर्ट सर्किट होत होतं, त्यामुळे वीजपुरवठा बसत होता, आणि यंत्र बिचारं वीजपुरवठ्याच्या नावाने ओरडत होतं. यंत्रात पूर्वी केलेल्या एका सुधारणेचा हा उलटा परिणाम होता आणि मॅन्युअलला त्याची खबर नव्हती. पुढे हा किस्सा तंत्रज्ञांच्या जेवणाच्या टेबलांवर फिरला आणि बाकीच्यांचे तास वाचले. ऑर यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं, त्याचं नावच यंत्रांविषयीच्या बोलण्यावरून आहे.

कंपनीच्या हिशेबात मात्र ही जेवणं आणि गप्पा म्हणजे वाया गेलेला वेळ होता. आपल्याकडेही पानाच्या टपरीवर उभे असलेले दोन फिटर दिसले की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातला निम्मा वेळ खरंच उनाडक्यांत जात असेल, पण उरलेल्या निम्म्यात जे चालतं ते कुठल्या वर्गात शिकवता येत नाही.

याच केंद्रातल्या काही संशोधकांनी आधी एक हुशार संगणक-प्रणाली बांधली होती. यंत्राच्या रचनेवरून ती बिघाडाचं निदान करायची. ती त्यांनी तंत्रज्ञांना दाखवली. तंत्रज्ञांनी कौतुक केलं आणि सांगितलं की हिचा आम्हाला फारसा उपयोग नाही, कारण अवघड बिघाड यंत्राच्या नकाशात सापडतच नाहीत. संशोधकांनी हे ऐकून घेतलं, ही मला या गोष्टीतली सगळ्यात दुर्मीळ बाब वाटते. मग ते फ्रान्समधल्या तंत्रज्ञांकडे गेले. तिथे अनुभवी मंडळी आपापल्या वहीत तोडगे टिपून ठेवत आणि एकमेकांना देत. त्या वहीलाच व्यवस्थेचं रूप द्यायचं ठरलं. त्या काळी फ्रान्समध्ये घरोघर मिनिटेल नावाची फोनला जोडलेली छोटी पडदायंत्रं होती, तीच वापरून तोडग्यांची देवाणघेवाण सुरू झाली. या प्रणालीला ‘युरेका’ हे नाव मिळालं आणि १९९० च्या दशकात ती फ्रान्सबाहेर कॅनडा, अमेरिका आणि इतर देशांतल्या हजारो तंत्रज्ञांपर्यंत गेली.

युरेकातला तोडगा छोटा असे. काय दिसतंय, कारण काय, खात्री कशी करायची, उपाय काय. तंत्रज्ञ तो पाठवे. मग त्या यंत्राचे जाणकार तो तपासत, काही शंका असेल तर पाठवणाऱ्याशी बोलत, आणि पटला तरच तो सगळ्यांसाठी खुला होई. तोडग्याखाली दोन नावं असत, लिहिणाऱ्याचं आणि पारखणाऱ्याचं. १० टक्क्यांचा तो अनाथ आकडा युरेकात टिकला नसता, कारण कुणीतरी फोन करून विचारलंच असतं की बाबा, तू हे कुठे मोजलंस?

तोडगे पाठवणाऱ्यांना पैसे द्यावेत का, यावर सुरुवातीला खल झाला. तंत्रज्ञांनीच नको म्हटलं. पैसे ठेवले तर लोक संख्या वाढवायला काहीबाही पाठवतील आणि वाटणीवरून भांडणं होतील. त्यांनी एवढंच मागितलं की नाव लावा. आपल्या गावातला, आपल्या भाषेतला, आपल्यासारखीच हत्यारं वागवणारा माणूस हे सांगतोय, म्हटल्यावर वाचणाराही ते मनावर घेतो. एका बैठकीत तर चांगला तोडगा दिलेल्या तंत्रज्ञासाठी बाकीचे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

फायद्याचा एक किस्सा पुष्कळदा सांगितला जातो. ब्राझीलमधला एक अभियंता ग्राहकाचं ४०,००० डॉलरचं रंगीत यंत्र बदलून द्यायच्या बेतात होता. युरेकात त्याला माँट्रियलच्या एका तंत्रज्ञाचा तोडगा सापडला. ५० सेंटचा एक फ्यूज-होल्डर बदलला आणि यंत्र चालू झालं. माँट्रियलच्या त्या माणसाचा अनुभव ब्राझीलपर्यंत कोणत्या प्रशिक्षणवर्गाने नेला असता? आणि नेला असता तरी, सहा महिन्यांपूर्वी वर्गात ऐकलेलं हे वाक्य ऐन वेळी आठवलं असतं का? तोडगा मिळाला तो यंत्र उघडं पडलेलं असताना.

गरजेच्या क्षणी, कामाच्या जागी ज्ञान हाताशी असावं, याचं आणखी सुरेख उदाहरण गडचिरोलीत आहे, आणि त्यात संगणक नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालमृत्यू कमी करायला गावातल्या माणसांना तयार केलं. त्या वेळी तिथली कितीतरी बाळं न्यूमोनियाने दगावत. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० पर्यंत गेले, किंवा त्याहून मोठ्याचे ५० पर्यंत, तर धोका. हे वर्गात सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण गावातल्या अनेक दायांना एवढे आकडे मोजता येत नसत, घड्याळही नसे, आणि समोर आई रडत असताना पन्नासपर्यंत मोजताना कुणाचीही गल्लत होईल.

मग एक लाकडी साधन तयार झालं. त्यावर एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, एक लहान बाळांसाठी, एक मोठ्यांसाठी. वाळू उलटायची आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी गाठला, तर न्यूमोनिया. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. साठ आणि पन्नास हे आकडे तिच्या डोक्यात नाहीत, ते लाकडाच्या पट्टीत आहेत. वय कुठलं, हद्द कुठली, हे सगळं ज्ञान त्या मण्यांच्या संख्येत बसवून टाकलंय. प्रशिक्षण कामावर पोचेल की नाही ही चिंता करण्याऐवजी त्यांनी प्रशिक्षणाचा अवघड भागच उचलून कामाच्या साधनात ठेवला.

पुढे ‘सर्च’ने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला. गावातल्या आरोग्यदूत बायकांना टप्प्याटप्प्याने शिकवलं गेलं, त्यांना घरोघर जाऊन नोंदी करायला लावलं गेलं, आणि डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात येऊन त्या नोंदी आणि बाळं तपासत राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा, जिथे हे काम नव्हतं त्या गावांच्या तुलनेत इथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. या यशाचं श्रेय लोक औषधांना आणि इंजेक्शनांना देतात, ते बरोबरच आहे. पण ठरल्या दिवशी गावात येऊन ‘या बाळाचं काय झालं?’ असं विचारणारा माणूसही त्यात मोजायला हवा. ब्रॉड आणि न्यूस्ट्रॉम ज्याच्याविषयी लिहीत होते तो वरिष्ठ हाच.

जामखेडला याहून जुनी रीत आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून निवडल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांना एकदाच महिनाभर बसवून, सर्टिफिकेट हातात देऊन घरी पाठवलं नाही. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत. थोडं नवीन शिकायचं, गावात जाऊन करून बघायचं, पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचं. माझ्या वस्तीत जुलाबाच्या पोराला पाणी पाजू देत नाहीत, सासू आडवी येते. मग दुसरी सांगे की माझ्याकडेही असंच होतं, मी आधी सासूशीच बोलले. जुन्या सेविका नव्यांना शिकवत. तोडगा देणारी समोर बसलेली असे, तिच्या गावाचं नाव माहीत असे, आणि तो चालला नाही तर पुढच्या आठवड्यात तिला जाब विचारता येई. युरेकाच्या तोडग्याखालच्या दोन नावांमागेही हेच होतं.

सासूची समजूत कशी काढायची, हे युरेकासारख्या चार ओळींत मावणार नाही. ते सांगणारीच्या आवाजात असतं, हातवाऱ्यांत असतं. म्हणून सगळं ज्ञान लिहून काढून संगणकात घालू म्हणणाऱ्या उत्साही मंडळींपासून जरा जपूनच राहावं. काही ज्ञान साधनात घालता येतं, काही चार ओळींत लिहिता येतं, आणि काहींसाठी माणसं एका चटईवर बसवावी लागतात. कोणतं कुठलं, हे ओळखता आलं की ज्ञान-व्यवस्थापनातलं अर्धं काम झालं.

अमेरिकी सैन्याने ही बैठक शिस्तीत बसवली. सराव किंवा मोहीम संपली की लगेच सगळे जमतात आणि चार प्रश्न घेतात. काय व्हायचं ठरलं होतं, काय झालं, का झालं, आणि पुढच्या वेळी काय करायचं. १९८५ मध्ये त्यांनी फोर्ट लेव्हनवर्थला असे धडे गोळा करणारं स्वतंत्र केंद्रच काढलं. या बैठकीत हुद्दा बाजूला ठेवायचा असतो. आपल्याकडच्या कचेऱ्यांत ही रीत आणायची तर पहिले तीन प्रश्न सोपे जातील. चौथ्याच्या आधी ‘चूक कुणाची?’ असा पाचवा घुसेल आणि सगळे गप्प होतील.

आपल्याकडे या सगळ्याचं सामान नाही असं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा भरतात. आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात, म्हणजे जामखेडचीच मांडणी. पण वेळेचा मोठा भाग परिपत्रकं वाचण्यात आणि कुठली माहिती कधीपर्यंत भरायची हे सांगण्यात गेला, तर वजाबाकीत हातचा घेताना पोरं नेमकी कुठे अडतात आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंनी त्यावर काय केलं, हे चहाच्या वेळेपुरतं उरतं. चहाची वेळ मग परिषदेपेक्षा कामाची ठरते.

आणि व्हॉट्सॲप आहेच. एसी, फ्रिज, लिफ्ट, पंप दुरुस्त करणाऱ्या पोरांचे ग्रुप असतात. कुणी एरर कोडचा फोटो टाकतो, दोन मिनिटांत कुठून तरी आवाजी निरोप येतो, ‘भाऊ, तो सेन्सर नाय, त्याच्या मागची वायर बघ, उंदराने कुरतडली असंल.’ ऑर यांना हे ऐकून आनंद झाला असता. चपळाईत हा ग्रुप युरेकालाही मागे टाकतो. पण उत्तर वाहून जातं. तोच बिघाड महिन्याभराने पुन्हा विचारला जातो, मधल्या काळात सकाळच्या शुभेच्छांचे शेकडो फोटो येऊन गेलेले असतात. उत्तर बरोबर होतं का, वायर बदलल्यावर यंत्र चाललं का, हे बहुतेक वेळा कुणी कळवत नाही. आणि ज्याला सगळं ठाऊक असतं तो नोकरी बदलतो, तेव्हा ग्रुपवर फक्त ‘लेफ्ट’ एवढं उमटतं.

त्यातलं ठेवण्यासारखं उचलायला कुणीतरी हवं. आठवड्याचे चार-पाच चांगले तोडगे वेचायचे, सांगणाऱ्याला फोन करून खात्री करायची, यंत्राचं मॉडेल, तारीख आणि नाव घालून लिहायचे, आणि पुढच्या प्रशिक्षणवर्गात जुन्या स्लाइडच्या जागी तेच ठेवायचे. असं झालं तर वर्गात शिकवलेलं आणि कामावर भेटणारं यांच्यात थॉर्नडाइक म्हणत होते ती समानता आपोआप वाढते, कारण वर्गातला धडाच कामावरून आलेला असतो. यासाठी सॉफ्टवेअर घेतलं नाही तरी चालेल, एक वही पुरेल. मात्र आठवड्याचा अर्धा दिवस लागेल, आणि तो कामावरच्या जाणत्या माणसाचा लागेल, एचआरमध्ये नव्याने लागलेल्या पोराचा नव्हे. हा अर्धा दिवस कुठल्याच कंपनीच्या प्रशिक्षण-खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. हॉटेलच्या हॉलचं बिल दिसतं, ग्रुप फोटोचंसुद्धा दिसतं.